लिहिलं म्हणजे कुठं लिहिलं? कळमन्यातल्या एका सर्व्हरची गोष्ट

काकाजींची नागपूरच्या कळमना मार्केटात मिरचीची अडत आहे. मी नोकरीनं सॉफ्टवेअरवाला आणि घरात कॉम्प्युटर कळणारा एकटाच, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी दुकानाचा हिशोब मशीनवर आणायचं काम माझ्याकडे आलं. पैसे घेत नाही, शिव्या मात्र खातो. यंदा फेब्रुवारी ते मे मी जे निस्तरलं ते लिहून ठेवतोय. लिनक्सवर छोटा सर्व्हर चालवणाऱ्या कुणाला तरी एखादी रात्र वाचवता आली तर बरं.

आधी मशीन काय आहे ते सांगतो. जुना टॉवर डेस्कटॉप, 16 जीबी रॅम, 1 टीबीची 7200 आरपीएमची हार्ड डिस्क, त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि मीच पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम. आधी दोन काउंटर होते, यंदा हंगामात चार झाले. हर्रास झाला की माल काट्यावर येतो, एकेका बोऱ्याचं वजन टाकलं जातं आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकाजींचा फोन आला. "अरे, हे मशीन झोपून राहिलं. माणूस पट्टीसाठी उभा राहते, अन् हे गोल गोल फिरून राहिलं."

जाऊन पाहिलं तर खरंच. प्रत्येक बोऱ्यामागे माझा प्रोग्राम तीन वेगवेगळे कमिट करत होता, म्हणजे डेटाबेसला तीनदा "ही नोंद पक्की कर" सांगत होता: वजन, साठा आणि कुणी काय बदललं त्याचा लॉग. चाळीस बोऱ्यांची पट्टी म्हणजे 120 कमिट. आता 7200 आरपीएमची तबकडी मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 वेळा फिरते. एक कमिट खरोखर तबकडीवर उतरवून मगच "झालं" म्हणायचं, तर साधारण एका फेरीत एकच जमतं. एका पट्टीला सेकंद-सव्वा सेकंद, आणि चारही काउंटर एकदम चालू असले की चार-पाच सेकंद. हे गणित मला आज येतं. त्या दिवशी येत नव्हतं.

त्या दिवशी मी रात्री घरी बसून शोधाशोध केली आणि दोन ओळी बदलल्या. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये एफसिंक बंद केलं, आणि एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी जोडायची ते सांगणारी फाइल) ईएक्सटी4 या फाइलसिस्टिमच्या पर्यायांत बॅरियर शून्य केलं. या दोन्हींचा अर्थ पुढे येतोच. दोन्ही एकाच बसणीत, आणि कुठेही टिपून न ठेवता. दुसऱ्या दिवशी पट्ट्या झपाझप निघायला लागल्या. काकाजींनी तर्री पोहे मागवले. मुनीमजी तेवढे म्हणाले, "एवढं लवकर कसं होऊन राहिलं जी आता?" मी हसलो. प्रश्न बरोबर होता.

24 एप्रिलला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अवकाळीचा वारा सुटला, टिनाचे पत्रे वाजायला लागले आणि वीज गेली. यूपीएसनं एकदा टूं केलं आणि मशीनही गेलं. बॅटरी मेलेली होती, कधीपासून ते देव जाणे. अर्ध्या तासानं वीज आली, मशीन सुरू झालं, पण पोस्टग्रेस उठेना. लॉगमध्ये एक ओळ होती: "पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड". सावरायला कुठून सुरुवात करायची ती खूणच डेटाबेसला सापडत नव्हती.

पोटात गोळा आला. त्या घाईत एकच गोष्ट मी बरोबर केली: काहीही दुरुस्त करायच्या आधी सगळं डेटा फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं. पीजी रिसेटडब्ल्यूएएल नावाचं हत्यार पोस्टग्रेससोबतच येतं, पण ते डेटाबेसला जबरदस्तीनं उभं करतं. उभा राहिलेला डेटा खरा आहे याची हमी ते देत नाही. ते मी फक्त कॉपीवर चालवलं. डेटाबेस उठला, पण वजनांचं टेबल वाचताना मधल्याच एका ब्लॉकवर "इनव्हॅलिड पेज" म्हणून थांबला. म्हणजे विश्वास ठेवण्यासारखं हाती काही नव्हतं. उरला आदल्या रात्री साडेनऊचा बॅकअप, आणि त्यात त्या दिवसाची एकही पट्टी नव्हती.

त्या रात्री वाचवलं ते मुनीमजींच्या कच्च्या वहीनं. मशीन आल्यापासून मी त्यांना दरवर्षी सांगत होतो की आता वही कशाला, उगाच दुप्पट काम. ते "हो जी" म्हणायचे आणि लिहायचे. रात्री आठला आम्ही बसलो. ते चष्मा नाकावर घसरवून वाचत होते, "भिवापूर, अठरा बोरे, पहिला एकेचाळीस दोनशे, दुसरा एकोणचाळीस आठशे..." आणि मी टाकत होतो. बंद दुकानात मिरचीचा ठसका इतका की दर दहा मिनिटांनी दोघांपैकी एक जण शिंकून थांबायचा. मध्ये कूलरचं पाणी संपलं. 287 पट्ट्या टाकून झाल्या तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. तीन पट्ट्यांत वहीतला आकडा आणि कार्बन प्रत जुळेना. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यांना फोन केले. उमरेडकडच्या एकानं व्हॉट्सॲपवर पट्टीचा फोटो पाठवला. त्यावर तांबडी बोटं उमटली होती, पण आकडा स्वच्छ होता.

आणखी एक लक्षात आलं. प्रत्येक पट्टीची पीडीएफ मी डिस्कवर ठेवत होतो. शेवटच्या नऊ पीडीएफ फाइली होत्या, नावं बरोबर होती, आकार शून्य बाइट.

सीएंनी सांगितलं की छापलेले पट्टीक्रमांक तेच राहू द्या, नोंदीची तारीख बदलली आहे त्याचा सही-शिक्क्याचा खुलासा फाइलला लावा, आणि कार्बन प्रती वेगळ्या गठ्ठ्यात बांधून ठेवा. मी खुलाशात प्रामाणिकपणे सेटिंगचं सगळं रामायण लिहिलं. त्यांनी ते दीड पान वाचलं, आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "वीज गेल्याने नोंदी पुन्हा घेतल्या, एवढंच लिहा." दोन चकरा आणि चार दिवस गेले. पण खरं कारण तेच दीड पान होतं, म्हणून ते इथे लिहितो.

मुनीमजींना समजावताना ते मला स्वतःलाच समजलं. काट्यावरचा माणूस वजन ओरडतो आणि विचारतो, "लिहिलं का?" कुणी फक्त ऐकून "लिहिलं" म्हणतो. कुणी तळहातावर पेनानं टिपून म्हणतो, कुणी चिठ्ठीवर, कुणी वहीत. शब्द सगळ्यांचा एकच. मशीनमध्येही तसंच आहे. प्रोग्रामनं "राइट" म्हटलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते आपल्या मेमरीत घेतो आणि लगेच "झालं" म्हणतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तो बदल तीस सेकंद जुना झाल्यावर डिस्ककडे पाठवायच्या लायक ठरतो, आणि ते काम करणारी यंत्रणा दर पाच सेकंदांनी जागी होते. डिस्ककडे गेल्यावरही डिस्कची स्वतःची छोटी मेमरी असते. ती आपल्या परीनं "झालं" म्हणते, पण तबकडीवर अजून काहीच नसतं. "मला खरंच वहीत लिहून दाखव, तोवर मी हलत नाही" असं सांगायचा मार्ग म्हणजे एफसिंक. आणि त्या वेळी डिस्कनं आपली मेमरीही रिकामी करावी, ही सक्ती बॅरियर करतो. मी दोघांनाही सुट्टी दिली होती.

शून्य बाइटच्या पीडीएफ त्याच जातीच्या. ईएक्सटी4 नव्या फाइलला डिस्कवर जागा देणं मुद्दाम पुढे ढकलतं, वेग त्यातूनच मिळतो. नाव आधी नोंदलं जातं, मजकूर मागून येतो आणि मधेच वीज गेली तर रिकामी फाइल उरते. 2009 साली यावरून लिनक्सवाल्यांत मोठा गदारोळ झाला होता. जुनी फाइल नव्या फाइलनं बदलली जाते त्या प्रसंगासाठी मग फाइलसिस्टिममध्येच सोय केली गेली, पण कोऱ्या नव्या फाइलीची काळजी प्रोग्रामनंच घ्यायची असते. आता मी तात्पुरत्या नावानं फाइल लिहितो, तिला एफसिंक करतो, मग नाव बदलतो आणि शेवटी फोल्डरलाही एफसिंक करतो. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. मीही विसरलो होतो.

27 एप्रिलला, रविवारी, दुकान बंद असताना मोजायला बसलो. पोस्टग्रेसचं एफसिंक परत चालू केलं होतंच. पीजी टेस्ट एफसिंक हा छोटा प्रोग्राम चालवला, तो सेकंदाला किती वेळा खरं लिहून होतं ते सांगतो. आकडा आला 2,900. मी खूश झालो, आणि मग खुर्चीत सरळ बसलो. तबकडी सेकंदाला 120 वेळा फिरते, ती 2,900 वेळा कशी लिहील? कुणीतरी खोटं बोलत होतं. तासभर शोधल्यावर एफएसटॅबमध्ये माझाच बॅरियर शून्य सापडला. ती ओळ काढून पुन्हा मोजलं: एफडेटासिंकला (एफसिंकचाच हलका प्रकार) 107, साध्या एफसिंकला 44. हे पटण्यासारखं होतं. तुमच्या फिरत्या डिस्कचा आकडा तिच्या फेऱ्यांपेक्षा फार मोठा येत असेल तर आनंद मानू नका. बॅटरी लावलेला रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं, स्वतःची मेमरी असलेलं कार्ड) वगैरे मधे नसेल, तर ते खोटंच आहे.

खरं लिहायचं म्हणजे 107, आणि चार काउंटरना तेवढं पुरत नव्हतं. मग वेग कुठून आणायचा?

इथे मला माझीच लाज वाटली. सगळ्यात मोठा फरक एका अगदी बाळबोध बदलानं पडला: पूर्ण पट्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं एकदम पक्कं होईल किंवा काहीच होणार नाही अशा एका गठ्ठ्यात घातली. 120 कमिटच्या जागी एक. पट्टी अर्धवट राहून चालतच नाही, मग बोऱ्याबोऱ्याला वेगळं कमिट करण्यात काही अर्थच नव्हता. एवढ्यानंच चार सेकंदांची पट्टी डोळ्याला जाणवेनाशी झाली. एक रुपया खर्च झाला नाही आणि सुरक्षितता उलट वाढली. फेब्रुवारीत दोन ओळी बदलण्याऐवजी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा बदल लॉगपुरता. कुणी कोणती स्क्रीन उघडली, भावफलकावर काय दाखवलं, अशा नोंदींसाठी पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट (डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) बंद करता येतं, तेही एकेका ट्रान्झॅक्शनपुरतं. ही सेटिंग आणि एफसिंक बंद करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिंक्रोनस कमिट बंद असताना वीज गेली तर शेवटचे काही क्षण हरवतात, मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त अर्धा-पाऊण सेकंद. पण डेटाबेस मोडत नाही. एफसिंक बंद असताना किती हरवेल ते सोडाच, काय उरेल तेही सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात कागद जातो ती प्रत्येक नोंद आता पूर्ण सक्तीनं लिहिली जाते. भावफलकाचं अर्धं सेकंद गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

पट्टीक्रमांकाचा एक बारकावा सीएंच्या धाकानं शिकलो. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय, वेगासाठी 32 आकडे आगाऊ नोंदवून ठेवतो, त्यामुळे मशीन अचानक पडलं की मधले काही क्रमांक उडू शकतात. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही. जिथे क्रमांक सलगच हवेत तिथे वेगळ्या टेबलात एक आकडा ठेवून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवावा. थोडं हळू होतं, पण फाइलला खुलासे जोडत बसावं लागत नाही.

एक संध्याकाळ मी उगाच वाया घालवली. ईएक्सटी4 ची जर्नल, म्हणजे बदलांची तिची स्वतःची नोंदवही, तीन प्रकारे चालते; मूळची ऑर्डर्ड, तिच्याहून सैल रायटबॅक, आणि सगळा मजकूर दोनदा लिहिणारी जर्नल. रायटबॅकनं वेग वाढेल म्हणून एफएसटॅबमध्ये रूट विभागाच्या (ज्यावर सगळी सिस्टिम असते) ओळीत ते टाकून रीस्टार्ट केलं. हा प्रकार विभाग जोडलेला (माउंट) असताना बदलता येत नाही, त्यामुळे मशीन उठलं ते फक्त-वाचनाच्या अवस्थेत. काहीच लिहिता येईना, एफएसटॅबसुद्धा. पेन ड्राइव्हवरून सुरू करून ती ओळ काढली. नंतर दुसऱ्या डिस्कवर रायटबॅक मोजून पाहिलं, आमच्या कामात फरक शून्य.

रात्रीच्या बॅकअपच्या वेळी मशीन अडकायचं त्याचं कारण मात्र खरं निघालं. उपलब्ध मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठू द्यायचा अशी कर्नलची मूळ सेटिंग असते. 16 जीबीच्या मशीनवर ते तीन जीबीच्या आसपास जातं, आणि सेकंदाला शंभरेक एमबी लिहिणारी डिस्क मग अर्धा मिनिट तेच ओढत बसते. मी टक्क्यांऐवजी ठोक आकडे दिले: 64 एमबीला लिहायला सुरुवात, 256 एमबीला सक्ती. अडकणं थांबलं.

मग खरेदी. यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी सीताबर्डीत 1,150 रुपयांना मिळाली. दुकानदार म्हणाला, "नागपूरच्या उन्हात दोन वर्षं चालली तर नशीब समजा जी." खरं आहे. 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांमागे या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमचा यूपीएस टिनाच्या छपराखाली, भिंतीला चिकटून होता. आता तो आतल्या खोलीत गेला. यूएसबी केबलनं मशीनला जोडून नट नावाचा प्रोग्राम घातला. बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होतं. प्रिंटर यूपीएसवर टाकला नाही, तेवढा भार त्याला झेपत नाही.

एसएसडीला वेळ लागला. साध्या एसएसडीतही न उतरलेला डेटा धरणारी मेमरी असते. मला हवी होती वीज गेल्यावर तो डेटा उतरवण्यापुरता चार्ज धरणारे कपॅसिटर आत असलेली, सर्व्हरसाठीची. तीन दुकानांत "पॉवर लॉस प्रोटेक्शन" म्हटल्यावर मला यूपीएस दाखवला गेला. चौथ्यानं मुंबईहून मागवून दिली. 480 जीबी, 11,400 रुपये, निम्मे आगाऊ, तेरा दिवस. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावरच घ्या आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आमच्या बिलावर तो नव्हता, वॉरंटी नोंदवायला परत जावं लागलं. तिच्यावर एफडेटासिंकचा आकडा सात हजारांच्या पुढे गेला, आणि या वेळी तो खरा होता.

खरा होता हे कशावरून म्हणतो? प्लग ओढून. हे करताना हात थरथरतात, म्हणून आधी जुन्या 500 जीबीच्या डिस्कवर केलं. लॅपटॉपवरून नेटवर्कनं एकेक क्रमांक पाठवायचा, मशीननं "लिहिलं" म्हटलं की लॅपटॉपनं तो स्वतःकडे टिपायचा, आणि मधेच मशीनची वायर ओढायची. यूपीएसमधून नव्हे, थेट मशीनच्या मागून. बॅरियर शून्य असताना लॅपटॉप म्हणत होता 6,212, मशीन उठल्यावर त्यात शेवटचा क्रमांक 5,969. "लिहिलं" म्हणालेल्या 243 नोंदी कुठेच नव्हत्या. बॅरियर चालू करून दहा वेळा वायर ओढली, एकदाही लॅपटॉप पुढे गेला नाही. तीनदा उलट झालं: मशीनवर एक क्रमांक जास्त, कारण लिहून झालं होतं पण तसं कळवायच्या आधीच वायर निघाली. तेवढं चालतं. नव्या एसएसडीवरही दहादा केलं. काकाजी दारात उभे राहून पाहत होते, शेवटी म्हणाले, "अरे, पैसे देऊन आणलेलं मशीन आहे ते."

19 मेपासून दुकान नव्या डिस्कवर चालतंय. जुनी डिस्क रोजच्या बॅकअपला लावली, आणि पोस्टग्रेसची डब्ल्यूएएल (प्रत्येक बदल आधी जिथे टिपला जातो ती नोंद) दर पाच मिनिटांनी तिच्यावर जाते, म्हणजे एसएसडीच मेली तरी पूर्ण दिवस जाणार नाही. एफएसटॅब आणि पोस्टग्रेसची सेटिंग आता गिटमध्ये (जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) आहे, प्रत्येक बदलासोबत का केला त्याची एक ओळ. बॅटरी, एसएसडी, केबल आणि पेट्रोल धरून तेरा हजारांच्या आत भागलं.

29 मेला, ऐन नवतपात, दुपारी एकच्या सुमारास वीज गेली. काउंटरवर हिंगणघाटकडचे एक काका उभे होते, आणि त्यांची पट्टी प्रिंटरमध्ये अर्धी छापून अडकली होती. कूलर थांबला तसा मिरचीचा वास एकदम दाटला. मशीन यूपीएसवर चालू होतं. मुनीमजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत आहे का जी?"

मी पट्टी उघडून त्यांना स्क्रीन दाखवली. बावीस बोरे, सगळी वजनं, हमाली, तोलाई, एकूण. त्यांनी कच्ची वही पुढे ओढली, एकेका आकड्यावर बोट ठेवत बावीसही ओळी जुळवल्या, आणि शेवटी लाल पेनानं बाजूला खूण केली.